क्लाउडमधलं पहिलं नेटवर्क: आधी सबनेट नीट पाडा

क्लाउड शिकायला बसलं की सगळे पहिल्याच दिवशी सर्व्हर चालू करतात. चार बटणं दाबली की मशीन उभं राहतं, म्हणून नेटवर्कचं काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ते मशीन आयत्या, डिफॉल्ट नेटवर्कात जाऊन बसलेलं असतं. एडब्ल्यूएसमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये) हे डिफॉल्ट नेटवर्क १७२.३१.०.०/१६ असतं (/१६ चा अर्थ पुढे येतो) आणि त्यातले सगळे सबनेट, म्हणजे नेटवर्कचे लहान तुकडे, इंटरनेटला उघडे असतात. सरावाला ठीक आहे, पण तिथे डेटाबेस ठेवू नका. स्वतःचं नेटवर्क उभं करायला तासभर पुरतो. ओएसआयचे (नेटवर्क समजावणाऱ्या पुस्तकी मॉडेलचे) सात थर पाठ करून मग सुरुवात करा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. काम करता करता ते थर कळतात.

१. पत्त्यांचा पट्टा निवडा. खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. घरातले बरेच राउटर १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x वापरतात, आणि डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) स्वतःसाठी १७२.१७.०.०/१६ घेतो. तुम्ही तेच पत्ते घेतलेत तर व्हीपीएन (लॅपटॉप ते नेटवर्क असा खाजगी जोड) जोडल्यावर पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठे पाठवायचं हे तुमच्याच लॅपटॉपला कळणार नाही. १०.०.०.०/१६ सुद्धा टाळा, कारण उदाहरणं बघून सगळे तेच घेतात आणि सारखे पत्ते असलेली दोन नेटवर्क पुढे एकमेकांना थेट जोडता येत नाहीत. आपण १०.२०.०.०/१६ घेऊ.

२. सबनेट पाडा. इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, माझ्याही इथेच झाल्या. सबनेट एकदा तयार झाला की एडब्ल्यूएसमध्ये त्याचा पट्टा बदलता येत नाही. तो काढून टाकून नवा करावा लागतो, आणि तोवर त्यात सर्व्हर बसलेले असतात.

आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. तिरक्या रेघेनंतरचा आकडा सांगतो की डावीकडून किती बिटं कायम आहेत. उरलेली बिटं तुमची. /२४ म्हणजे ८ बिटं मोकळी, म्हणजे २५६ पत्ते. आकडा एकने वाढला की पत्ते निम्मे होतात: /२५ ला १२८, /२६ ला ६४, /२७ ला ३२, /२८ ला १६. आकडा मोठा तेवढं नेटवर्क लहान. हे उलटं डोक्यात बसलेलं असेल तर पुढचं सगळं चुकतं.

आता खरी मेख. तुकडा हव्या त्या जागेपासून सुरू करता येत नाही. ज्या आकाराचा तुकडा, त्या आकाराच्या पटीवरच त्याची सुरुवात. ६४ चा तुकडा ०, ६४, १२८ किंवा १९२ वर सुरू होतो. १०.२०.०.३२/२६ असं लिहिलंत तर ते एकतर नाकारलं जातं किंवा गुपचूप १०.२०.०.० धरलं जातं, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट.

तिसऱ्या आकड्यात शिरलं की गोंधळ वाढतो. /२० मध्ये १२ बिटं मोकळी. त्यातली ८ शेवटच्या आकड्यात आणि ४ तिसऱ्यात. म्हणून तिसरा आकडा १६ च्या पटीने उड्या मारतो: ०, १६, ३२, ४८. १०.२०.१६.०/२० हा सबनेट १०.२०.१६.० ला सुरू होऊन थेट १०.२०.३१.२५५ ला संपतो. १०.२०.२०.०/२४ मोकळा दिसला तरी तो याच्या पोटात आहे. त्यामुळे कागदावर प्रत्येक सबनेटची सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहा. ऑनलाइन कॅल्क्युलेटर पडताळणीपुरता वापरा, आधी हाताने करा.

आणखी एक वजाबाकी आहे. एडब्ल्यूएस आणि अ‍ॅझ्युर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) दोन्हीकडे प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते राखीव असतात. /२८ मध्ये १६ नाही, ११ च हाती लागतात. काटकसर म्हणून लहान सबनेट पाडायचा सल्ला मिळतो, तो चुकीचा आहे. खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत. माझी मांडणी अशी, दोन वेगवेगळ्या झोनमध्ये (झोन म्हणजे क्लाउडची एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटरं). पब्लिक म्हणजे इंटरनेटला उघडा सबनेट, प्रायव्हेट म्हणजे बाहेरून थेट न पोचता येणारा:

पब्लिक: १०.२०.०.०/२४ आणि १०.२०.१.०/२४
प्रायव्हेट: १०.२०.१६.०/२० आणि १०.२०.३२.०/२०

मधली जागा मुद्दाम रिकामी आहे. ती पुढे लागते.

३. राउट टेबल जोडा. ही कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठे पाठवायचं याची यादी. सबनेटला पब्लिक नाव दिल्याने तो पब्लिक होत नाही. त्याच्या राउट टेबलमध्ये ०.०.०.०/० (म्हणजे बाकीचे सगळे पत्ते) ही ओळ इंटरनेट गेटवेकडे, म्हणजे इंटरनेटच्या दाराकडे, जायला हवी. प्रायव्हेट सबनेटची तीच ओळ नॅट गेटवेकडे: त्यातून आतली मशीनं बाहेर जाऊ शकतात, पण बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. नॅट गेटवे स्वतः मात्र पब्लिक सबनेटमध्ये ठेवायचा. प्रायव्हेटमध्ये ठेवला तर तो चालू दिसतो, पण बाहेर काहीच जात नाही. त्याचं बिल तासावर चालतं, वापरा किंवा नका वापरू. सराव संपला की तो काढा आणि त्याला दिलेला सार्वजनिक पत्ताही सोडा.

४. सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनला लावायचे फायरवॉलचे नियम. वेब सर्व्हरला पोर्ट ४४३ (एचटीटीपीएस) सगळ्यांसाठी, २२ (एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन) फक्त तुमच्या पत्त्यासाठी. डेटाबेसचा पोर्ट (पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६) फक्त वेब सर्व्हरच्या ग्रुपला उघडा. तिथे पत्ता लिहू नका, ग्रुपच द्या, म्हणजे सर्व्हर बदलला तरी नियम टिकतो. आत आलेल्या विनंतीचं उत्तर आपोआप बाहेर जातं, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

५. तपासा. पिंगवर (मशीन जिवंत आहे का विचारणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. नवीन ग्रुपमध्ये बाहेरून येणारा पिंग बंदच असतो, त्यामुळे चांगला सर्व्हरही मेल्यासारखा वाटतो. थेट पोर्टवर कनेक्ट करून बघा आणि एररचे शब्द नीट वाचा. बराच वेळ थांबून टाइमआउट आला तर पॅकेट बहुधा वाटेतच अडलंय: आधी सिक्युरिटी ग्रुप, मग राउट टेबल, मग मशीनला सार्वजनिक पत्ता मिळालाय का, या क्रमाने बघा. लगेच कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर नेटवर्क बहुतेक ठीक आहे. पॅकेट मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हतं. अशा वेळी फायरवॉलचे नियम उघडत सुटू नका. प्रोग्राम चालू आहे का बघा, आणि तो १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनमधून) ऐकत असेल तर ०.०.०.० वर (मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर) आणा.