बहुभाषिक वर्गासाठी शिक्षक तयार करताय? मग या चुका टाळा

परवा एका नव्या टीचरने तिसरीतल्या मुलीची वही माझ्यापुढे ठेवली. 'माझी पुस्तक काली आहे', त्यावर लाल गोळे, आणि म्हणाली मॅडम हिला काहीच येत नाही हो.

अगं, हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, नपुंसकलिंग तिथे नाहीच आणि प्रमाण हिंदीत ळ पण नाही. मुलगी घरच्या भाषेचे नियम बरोब्बर लावतेय! 'मेरी पुस्तक' आणि 'माझं पुस्तक' फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की तिला फरक दिसतो, नुसत्या गोळ्याने फक्त भीती बसते. ही नजर आपण ट्रेनिंगमध्ये देतच नाही, ही सगळ्यात मोठी चूक. मुंबईत महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, पण माध्यम एक म्हणजे पोरांच्या घरची भाषा एक असं नसतं ना, म्हणून बीएड-डीएडच्या मुलांना खऱ्या वह्या द्या आणि कुठली चूक कुठल्या भाषेतून आली ते शोधायला लावा.

गणितात तर फारच घोळ होतो. 'हातचा घे' म्हटलं की पोर गप्प, कारण त्याला ते हिंदीतलं 'हासिल' म्हणून माहितीये. अशा वेळी तेच गणित नुसत्या आकड्यांत द्या, सुटलं तर अडचण भाषेची आहे, नाही सुटलं तर गणित परत शिकवा. हे न तपासता मुलाला कच्चं ठरवू नका, प्लीज.

दुसरं, मैदानात फाडफाड मराठी बोलतंय म्हणून मदत बंद करायची नाही. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी मांडली. गप्पा साधारण 2 वर्षांत जमतात, पुस्तकी भाषेला 5 ते 7 वर्षं लागू शकतात, म्हणजे पहिलीत आलेलं मूल पाचवी-सहावीतही अडखळू शकतं.

एकाच हुशार मुलाला दिवसभर दुभाषा करून ठेवणंही नको, त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो.

आणि पालकसभेत 'घरी मराठीच बोला' किंवा 'इंग्लिशच बोला' हे तर अजिबात सांगू नका, मी सुरुवातीला हेच सांगायचे आणि आजही त्या आया आठवल्या की वाईट वाटतं. भोजपुरीत पोराला गोष्ट सांगणारी आई मोडक्या मराठीत दोन वाक्यं बोलून गप्प होते, मग पोराच्या कानावर पडणार काय? तिला सांगा, तुमच्या भाषेत भरपूर बोला, आज शाळेत काय झालं ते विचारा.

शेवटचं म्हणजे हे सगळं एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये उरकू नका. नव्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसा, कोणतं मूल कुठे थांबलं ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी सुटल्यावर पंधरा मिनिटं त्या शिक्षकासोबत वह्या उघडून बसा.