बैठकीतल्या व्हायोलिनला क्लिप माइक कसा लावावा

व्हायोलिनच्या क्लिप माइकसोबत येणाऱ्या कागदावर वादक उभा असतो, वाद्य खांद्यावर आडवं आणि वरची फळी छताकडे. आपल्या मैफलीत वादक मांडी घालून बसतो. वाद्याचा रुंद भाग छातीच्या डाव्या बाजूला टेकलेला असतो आणि मानेचं टोक उजव्या घोट्यावर. त्यामुळे फळी समोर वळते, थेट पुढ्यातल्या मॉनिटरकडे, म्हणजे वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरकडे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवून माइक लावला, तर पुढची बरीच डोकेदुखी टळते.

माइक छोट्या कंडेन्सर कॅप्सूलचा (कॅप्सूल म्हणजे आवाज पकडणारं टोक) आणि वाकणाऱ्या दांडीचा, म्हणजे गूजनेकचा हवा. माइक कुठल्या दिशेनं जास्त ऐकतो यावरून त्याचे प्रकार पडतात: डीपीए ४०९९ सुपरकार्डिऑइड आहे, ऑडिओ-टेक्निका प्रो ३५ कार्डिऑइड. कुठला घेतलाय ते नीट बघून ठेवा, कारण मॉनिटरची जागा त्यावरच ठरते. मिक्सरला तारेनं जोडणार असाल तर फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरनं केबलमधूनच माइकला दिलेली वीज, लागेल. वायरलेस बॉडीपॅक, म्हणजे कमरेला लावायची ट्रान्समीटरची डबी, मात्र कॅप्सूलला जेमतेम पाच व्होल्ट देतो, म्हणून त्याला वेगळी पिन असलेली केबल किंवा अडॅप्टर लागतो. हे कार्यक्रमाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

माइक कुठे अडकवायचा नाही, हे आधी. घोडीवर, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यावर, अजिबात नाही. घोडीवर काही ग्रॅम वजन चढलं की ती म्यूट (आवाज दाबणारा चिमटा) लावल्यासारखी वागते, वरचे स्वर बोथट होतात आणि मिक्सरवर कितीही ट्रेबल वाढवलं तरी ते परत येत नाहीत. घोडीमागच्या तारांत फोममध्ये गुंडाळलेला कॉलर माइक खोचण्याची पद्धत जुनी आहे. ती चालते, पण तारांचा तो तुकडाही नादात भाग घेत असतो आणि फोमनं तो दबतो. अडीअडचणीलाच वापरावी. दुहेरी टेप वाद्याला कधीच लावू नये. व्हार्निशचा पापुद्रा टेपबरोबर निघून येतो.

योग्य जागा म्हणजे वाद्याची कड. वरची आणि मागची फळी बाजूच्या पट्टीच्या बाहेर साधारण अडीच ते तीन मिलिमीटर आलेली असते. त्या दोन कडांना दोन्हीकडून धरणारी पकड वापरा. पकडीचा दाब कडेवरच यायला हवा, कारण तिथे खाली पट्टीचा आधार असतो. ती आत सरकली की दाब फळीच्या फुगीर भागावर येतो, तिथे खाली काहीच नसतं. बाजूची पट्टी स्वतः जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते, म्हणून तिच्यावर आडवा जोर देऊ नका. पकड इतपतच घट्ट हवी की वाद्य हलवल्यावर माइक फिरणार नाही.

ती जाड तारेच्या बाजूला, चिनरेस्टच्या (हनुवटी टेकायच्या पट्टीच्या) थोडी पुढे लावा. बारीक तारेच्या बाजूला गजाचा हात असतो, आणि तार सप्तकात चढताना डाव्या हाताचा पंजाही तिकडेच येतो. पकडीच्या रबराखाली मऊ चामड्याचा किंवा सुती कापडाचा तुकडा ठेवा. काही रबरं आणि फोम व्हार्निश मऊ करतात आणि डाग सोडतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट उकाड्यात तर दोन तासांतही ठसा उमटू शकतो. गूजनेक वाद्याला टेकू देऊ नका, नाहीतर फळी थरथरली की खरखर ऐकू येते.

आता कॅप्सूल. फळीपासून पाच ते सात सेंटिमीटर वर, रोख घोडीचा पाय आणि एफ-छिद्र (फळीतलं f आकाराचं भोक) यांच्या मधोमध. अगदी छिद्रावर नेलं तर आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमतो, कारण वाद्याच्या पोकळीतल्या हवेचा नाद साधारण २७० ते २८० हर्ट्झला असतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. घोडीच्या फार जवळ नेलं तर राळ लावलेल्या गजाची करकर पुढे येते. दोन सेंटिमीटरनं आवाज पार बदलतो, म्हणून इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक हलवून पाहा. मग चारही तारांवर मुठीपासून टोकापर्यंत पूर्ण गज ओढा. सर्वात जाड तारेवर गजाचं टोक त्याच बाजूला खाली झुकतं, म्हणून धक्का लागलाच तर तिथे लागेल.

केबल पकडीपासून वाद्याच्या मागून काढा आणि कुर्त्याला खांद्याजवळ क्लिपनं अडकवा. मधे वीस सेंटिमीटर तरी ढील ठेवा. लांब मींड घेताना वाद्य आणि खांदा दोन्ही हलतात. केबल ताणली गेली तर माइकची दिशा बदलते, आणि ती फळीवर घासली तर सभागृहभर ऐकू जाते.

मॉनिटरचं गणित असं. माइकचं तोंड फळीकडे, म्हणजे त्याची पाठ समोर. कार्डिऑइड पाठीमागून सर्वात कमी ऐकतो, त्यामुळे मॉनिटर फळीच्या बरोबर समोर ठेवला तरी चालतो. सुपरकार्डिऑइड बरोबर पाठीमागून थोडंफार ऐकतोच. त्याचा बहिरा कोन तोंडापासून साधारण १२६ अंशांवर असतो, म्हणून मॉनिटर सरळ समोरून पन्नास-पंचावन्न अंश बाजूला सरकवा. साउंडवाल्यांना हे आधी सांगितलं तर ते आनंदानं करतात. पुढे तबल्याचे, तंबोऱ्याचे माइक उघडले जातात. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी) वाजण्याआधीची जागा सुमारे तीन डेसिबलनं कमी होते, म्हणून नको असलेला प्रत्येक माइक बंद ठेवायला सांगा.

मिक्सरवर गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना द्रुतातला सगळ्यात जोरकस तुकडा वाजवा. आलाप वाजवून गेन लावलं तर झाल्यात, म्हणजे शेवटच्या अतिजलद भागात, आवाज फाटतो. लो कट, म्हणजे खालचे खर्ज आवाज कापणारं बटण, ऐंशी ते शंभर हर्ट्झला ठेवा. जाड तार अगदी काळी एकच्या मंद्र षड्जाला, म्हणजे १३९ हर्ट्झच्या आसपास उतरवली असली, तरी तिला धक्का लागत नाही आणि व्यासपीठावरची धडधड जाते. घुमणं उरलंच तर २८० हर्ट्झजवळ अरुंद पट्ट्यात तीन डेसिबल कमी करा. नंतर मॉनिटर हळूहळू वाढवत न्या. ज्या स्वराला वाद्य आपोआप गुणगुणायला लागेल तेवढाच कापा आणि मॉनिटर तिथून तीन-चार डेसिबल खाली आणा. सगळा मधला पट्टा खाली ओढला तर व्हायोलिनचा गळाच जातो.

खूप मोठ्या वाद्यमेळात किंवा उघड्या मैदानात हा माइक पुरत नाही. तिथे घोडीचा पिकअप, म्हणजे घोडीची थरथर थेट पकडणारं उपकरण, घ्यावा लागतो, आणि त्याला एक मेगाओहमच्या आसपास इनपुट असलेला प्रीअँप (मिक्सरआधी सिग्नल तयार करणारी डबी) लागतो. थेट मिक्सरला लावला तर आवाज पातळ, कर्कश येतो.

कार्यक्रम संपल्यावर पकड लगेच काढा, माइकसकट वाद्य पेटीत ठेवू नका. कॅप्सूलच्या जाळीवर राळेची पांढरी भुकटी बसलेली असते. ती कोरड्या मऊ ब्रशनं, माइक उलटा धरून झटका. स्पिरिट लावलेलं फडकं माइकलाही नको आणि वाद्याला तर मुळीच नको, व्हार्निश त्यात विरघळू शकतं.