नवा टॉवेल खरंच पाणी कमी टिपतो का? सहावी ते आठवीच्या मुलांकडून खरा प्रयोग करून घेताना

शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की सल्ले सुरू होतात. थर्माकोलचा ज्वालामुखी करा, ठिबक सिंचनाचं मॉडेल करा, नेटवरून माहिती काढून चार्ट लावा. या सगळ्यात मूल एकही गोष्ट स्वतः मोजत नाही. मोजलं नाही तर आकड्यांशी झटापट होत नाही, आणि ती झटापट झाल्याशिवाय विज्ञान हाताला लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथे एकच प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. सोलापूरच्या मुलांना त्याचं सामान घराजवळच मिळतं.

प्रश्न

नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही, चार-पाच धुण्यांनंतर टिपायला लागतो, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण हे म्हणणं आपण कधी वजन करून पाहिलेलं नसतं. प्रश्न असा लिहा: पाच वेळा धुतलेला तुकडा न धुतलेल्या तुकड्यापेक्षा, दर ग्रॅम कापडामागे, किती जास्त पाणी टिपतो? ‘कोणता टॉवेल चांगला’ हा प्रश्न नको. ‘चांगला’ कशाने मोजणार?

सामान

तीस बाय साठ इंची सुती टॉवेल, सेकंडच्या (किरकोळ दोष असलेल्या) मालातला चालेल. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, टब, कपड्यांचे चिमटे, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, वही.

टॉवेलचे काठ सोडून वीस सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापा आणि टेलरकडून कडांना ओव्हरलॉक मारून घ्या. हे टाळू नका. धुताना कडेचे धागे सुटले की वजन बदलतं आणि सगळा हिशेब बिघडतो. यापेक्षा लहान तुकडे कापायचा मोहही नको. दहा सेंटिमीटरचा तुकडा जेमतेम चार-पाच ग्रॅम भरतो, आणि त्याला एक ग्रॅमचा काटा काय सांगणार?

दोन गट

बारा तुकड्यांवर परमनंट मार्करने नंबर टाका. कोणते सहा धुवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मूल स्वतः निवडायला बसलं की नकळत जाड, छान दिसणारे तुकडे एका बाजूला काढतं. चिठ्ठ्या टाकायची ही पद्धत मोठे शास्त्रज्ञही वापरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला तो आपल्याच सोलापुरात. विमानातून काही ढगांत क्षाराचे कण सोडले, काही ढग तसेच ठेवले, आणि कोणत्या ढगात सोडायचे याची निवड नशिबावर सोपवली होती. जे ढग तसेच ठेवले त्यांच्याशी तुलना झाली, म्हणून तर सरासरी सुमारे 18 टक्के जास्त पाऊस पडला असं त्यांना सांगता आलं. मुलांना हे जरूर सांगा. न धुतलेले सहा तुकडे म्हणजे आपले तसेच ठेवलेले ढग.

धुणं

सहा तुकडे एकाच पावडरने पाच वेळा धुवा, दर वेळी पूर्ण वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको. आणि पाणी एकच. नळाचं साठवलेलं पाणी मधेच संपतं, मग तिसऱ्या धुण्याला बोअरचं पाणी वापरलं जातं. ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असलं तर साबणाचा किंवा क्षारांचा थर कापडावर बसू शकतो, आणि मग आपण धुणं तपासतोय की पाणी, ते कळेनासं होतं. लागेल तेवढं पाणी आधीच एका पिंपात भरून ठेवा.

मोजणं

बाराही तुकडे आदल्या रात्री एकाच खोलीत पसरून ठेवा. सुती कापड हवेतला ओलावा ओढतं. प्रमाणित हवेत तो कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के भरतो. निम्मे तुकडे पावसाळी दिवशी आणि निम्मे कडक उन्हात मोजले तर कोरडं वजनच जुळणार नाही. सगळं एकाच दिवशी उरका.

कोरडं वजन घ्या. तुकडा पाण्यावर आडवा ठेवा आणि तीस सेकंद हात लावू नका, बोटाने दाबू तर अजिबात नका. मग एका कोपऱ्याला चिमटा लावून एक मिनिट निथळत ठेवा, पुन्हा वजन. ओल्या वजनातून कोरडं वजा करा आणि कोरड्यानेच भागा. सोळा ग्रॅमचा तुकडा ओला होऊन 58 ग्रॅम झाला, तर 42 भागिले 16, म्हणजे 2.6. काटा वाचणाऱ्या मुलाला तुकडा कुठल्या गटातला आहे ते सांगू नका.

एक सल्ला सगळीकडे मिळतो: प्रत्येक माप तीनदा घ्या. इथे तो चुकीचा आहे. न धुतलेला तुकडा एकदा भिजला की तो न धुतलेला राहिला कुठे? तीन मापं हवीत तर तीन वेगळे तुकडे हवेत. आपण सहा घेतलेत ते यासाठीच.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

मलाही सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते या टप्प्याने, आणि नव्वद टक्के मार्गदर्शक लेख इथेच ‘सरासरी काढा व स्तंभालेख काढा’ म्हणून मोकळे होतात. समजा, मुलांच्या वहीत असे आकडे आले.

न धुतलेले: 2.6, 2.9, 2.4, 2.8, 1.4, 2.7
धुतलेले: 3.3, 3.0, 3.6, 3.1, 3.4, 2.8

मुलाची नजर पहिल्यांदा 1.4 वर जाते आणि हात खोडरबराकडे. तो हात थांबवा. खोडरबर त्या दिवशी दप्तरातच राहू द्या, नोंदी पेनानेच. 1.4 भोवती गोल करा आणि शेऱ्याचा रकाना वाचा. (रकाना पहिल्यापासून आखलेला हवा, नंतर आठवून लिहिलेला शेरा कामाचा नाही.) चिमटा सुटून तुकडा परत टबात पडला, काटा शून्यावर नव्हता, असं काही त्याच वेळी लिहिलेलं असेल, तर तो आकडा बाजूला काढा आणि काढल्याचं अहवालात सांगा. काहीच लिहिलेलं नसेल तर आकडा राहतो. आवडला नाही हे आकडा काढण्याचं कारण होत नाही.

आणि शेऱ्यात ‘तीस सेकंद तरंगत राहिला’ असं असलं तर? मग तो आकडा म्हणजे प्रयोगातला सगळ्यात मोलाचा आकडा. नव्या कापडावर सॉफ्टनरचा, उरलेल्या खळीचा, सुताच्या मेणचटपणाचा थर असेल, तर पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि तुकडा वरच राहतो. आपण शोधत होतो तेच घडलं आणि मूल ते खोडायला निघालं होतं. बोटाने दाबू नका असं बजावलं ते म्हणूनच.

आता सरासरी. न धुतलेल्यांची 2.47, धुतलेल्यांची 3.2. फक्त 1.4 मुळे पहिली सरासरी खाली ओढली गेली. तो वगळला तर ती 2.68 होते. दोन्ही लिहा. शिवाय मध्यक काढा: आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोघांची सरासरी. तो 2.65 येतो, 1.4 असूनही. मध्यक राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात येतो हे खरं, पण सहावीच्या मुलाला तो पाच मिनिटांत समजतो. मी थांबून राहत नाही.

स्तंभालेख मात्र काढू नका. दोन उंच-बुटके खांब दिसतात आणि आतली बारा मापं गायब होतात. त्याऐवजी आलेखाच्या कागदावर एकाखाली एक दोन रेघा आखा आणि प्रत्येक माप एक ठिपका म्हणून मांडा. लगेच दिसतं की धुतलेल्यांतला 2.8 हा न धुतलेल्यांच्या 2.9 च्याही मागे आहे. दोन्ही गट थोडे एकमेकांत शिरलेत. मग हुशार मूल विचारतं, हा फरक धुण्याचा कशावरून, योगायोगाने चांगले तुकडे एका गटात आले नसतील कशावरून? हा प्रश्न आला की पुढचं करायला घ्या.

बारा आकडे बारा चिठ्ठ्यांवर लिहा. धुतलेले-न धुतलेले विसरा. चिठ्ठ्या डब्यात हलवून डोळे मिटून सहा काढा आणि बेरीज करा. बाराही आकड्यांची बेरीज 34 आहे; आपल्या खऱ्या न धुतलेल्या गटाची 14.8 होती. नुसत्या नशिबाने बेरीज 14.8 किंवा त्याहून खाली किती वेळा येते ते पाहायचं. चिठ्ठ्या परत डब्यात टाका आणि पुन्हा काढा, अशा तीस फेऱ्या करा, वर्गातल्या गटांत वाटून दिल्या तर एका तासिकेत होतात. बहुतेक बेरजा 17 च्या आसपास घुटमळतात. 14.8 च्या खाली एकदाही जात नाही, फार तर एखाद्या वेळी. मग मूल छातीठोकपणे म्हणू शकतं की एवढा फरक नुसत्या योगायोगाने क्वचितच पडतो. तीसपैकी आठ-दहा वेळा गेली असती तर निष्कर्ष ‘फरक दिसला नाही’ असा लिहायचा, आणि तोही पूर्ण मार्कांचा निष्कर्ष आहे. अपेक्षित उत्तर आलं नाही म्हणून मुलाकडून आकडे बदलून घेणारे पालक मी पाहिलेत. कृपा करून हे करू नका. त्या एका संध्याकाळी मूल जे शिकतं ते नंतर पुसता येत नाही.

निष्कर्ष

दोन-तीन वाक्यं पुरेत. ‘या टॉवेलच्या’ हे शब्द त्यात हवेतच, कारण बाराही तुकडे एकाच टॉवेलचे आहेत. सगळ्या सोलापुरी टॉवेलबद्दल बोलायचं असेल तर वेगवेगळ्या कारखान्यांचे टॉवेल आणा आणि प्रत्येकाचे निम्मे तुकडे धुवा.

प्रदर्शनात

सजावट कमी, कच्ची वही टेबलावर उघडी, 1.4 भोवतीचा गोल दिसेल अशी. चिठ्ठ्यांचा डबाही शेजारी ठेवा आणि परीक्षकांनाच एक फेरी काढायला सांगा. टॉवेलमधून उरलेले न धुतलेले तुकडे कोरडे ठेवून बरोबर न्या, पाण्यावर ठेवून दाखवता येतात. एकदा भिजलेला तुकडा पुन्हा दाखवायचा नाही, त्यामुळे प्रत्येक परीक्षकासाठी एक याप्रमाणे मोजून घ्या.