शस्त्राचे तेल निवडण्याआधी: शिकाऊ आर्मररचा अनुभव

शस्त्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत मी शिकाऊ म्हणून दाखल झालो, तेव्हा सफाईचे द्रावण आणि तेल यांत मला फारसा फरक वाटत नसे. कपाटात दहा-बारा बाटल्या असत आणि हाताला जी लागेल ती मी उचलत असे. पहिल्याच वर्षी जुन्या साठ्यातली लष्करी काडतुसे झाडलेली एक रायफल माझ्याकडे सफाईसाठी आली. मी नळीतून सॉल्व्हंट फिरवले, चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत नळी पुसली, तेलाचा हात दिला आणि रायफल जागेवर ठेवली. चार दिवसांनी नळीत पाहिले, तर रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या कडेने तांबूस गंज धरलेला होता. तेल लावूनही गंज आला कसा, हे मला काही केल्या उमगेना.

कारण काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीत होते. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडताना त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाच्याच जातीचा एक क्षार नळीत मागे राहतो आणि तो हवेतला ओलावा ओढून घेतो. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. मी काजळी काढली होती, पण क्षार तेलाच्या थराखाली जसाच्या तसा ठेवला होता. तेव्हापासून कोणतीही बाटली उचलण्याआधी, समोरची घाण कशाची आहे आणि ती कशात विरघळते, हे दोन प्रश्न मी स्वतःला विचारतो. नवीन शिकणाऱ्यालाही मी सर्वांत आधी हेच सांगतो.

अशा काडतुसांनंतर नळी, चेंबर (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग) आणि बोल्टचे (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाचे) तोंड आधी गरम पाण्याने धुवावे. पाणी गरम असले की धातूही तापतो आणि उरलेला ओलावा लवकर उडून जातो. मग कोरड्या चिंध्या, त्यानंतर नेहमीचे सॉल्व्हंट आणि शेवटी तेल, असा क्रम ठेवावा. काही जण काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण वापरतात, परंतु क्षार विरघळवण्याचे काम त्यातले पाणीच करते. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूचा साकाही बराचसा पाण्यानेच निघतो. अर्थात यातले काहीही करण्यापूर्वी शस्त्र रिकामे आहे याची चेंबरमध्ये प्रत्यक्ष पाहून खात्री करावी आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवू नयेत.

आधुनिक काडतुसांत प्रायमरचा हा क्षार नसतो. तिथे प्रश्न काजळीचा, शिशाचा आणि तांब्याचा असतो. काजळी साध्या सॉल्व्हंटने सैल होते. 1903 पासून वापरात असलेले हॉपेज नंबर 9 हे याच कामाचे जुने आणि विश्वासाचे द्रावण आहे. तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या नळीत तांब्याचा पातळ थर सोडतात आणि तो काढण्यासाठी अमोनिया असलेले द्रावण लागते. तांबे विरघळले की चिंधी निळी निघते. इथे मी बराच काळ फसलो, कारण माझा ब्रश कांस्याचा होता आणि सळईच्या टोकाचा, चिंधी धरणारा जॅग पितळेचा. द्रावण त्यांच्यातलेही तांबे खात होते, त्यामुळे नळी स्वच्छ झाल्यावरही चिंधी निळीच निघत असे. आता मी त्या द्रावणाबरोबर नायलॉनचा ब्रश वापरतो. अमोनियाचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नळीत ठेवू नये आणि निकेलचा मुलामा असलेल्या भागांना लावूच नये, कारण निकेलखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. शिशाबाबत काळजी शस्त्रापेक्षा आपल्या शरीराची अधिक घ्यावी लागते. हातमोजे घालावेत, हवा खेळती ठेवावी आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

साफ करणे, वंगण देणे आणि गंजापासून राखणे ही तीन वेगळी कामे आहेत. सीएलपी प्रकारची तेले ही तिन्ही कामे एकत्र करतात. नियमित वापराच्या शस्त्रासाठी नवख्याने एकच बाटली घ्यायची असेल, तर माझ्या मते ती सीएलपीची घ्यावी. मात्र महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या शस्त्राला ती पुरेलच असे नाही. तिथे जाडसर गंजरोधक तेल किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात अधिक टिकतो. डब्ल्यूडी-40 विषयी मला वारंवार विचारले जाते. ते 1953 मध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि भिजलेल्या शस्त्रातले पाणी बाहेर काढायला ते उत्तम आहे. परंतु त्याचा राहणारा थर फार पातळ असतो, शिवाय ते पुन्हा पुन्हा फवारत राहिले की चिकट पुटे चढतात. म्हणून ते मारल्यानंतर पुसून खरे तेल लावावे. स्वयंपाकाचे तेल तर कधीच वापरू नये, कारण हवेच्या संपर्काने ते घट्ट होऊन रोगणासारखे चिकटते.

ब्लूइंग केलेल्या शस्त्राला गंज येत नाही, अशी अनेकांची समजूत असते. ब्लूइंग हा लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा पातळ थर आहे. त्याचे खरे मोल तेल धरून ठेवण्यात आहे, एकट्याने तो फारसा आवर घालत नाही. स्टेनलेस पोलादही गंजते, फक्त उशिरा. घामाचे बोट जिथे लागले तिथे गंजाची सुरुवात होते, म्हणून हाताळल्यावर तेलाच्या फडक्याने पुसणे हा रोजचा नेम असावा. शस्त्र चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत कायम ठेवू नये, कारण दोन्ही ओलावा धरतात. कपाटातली सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवावी. सिलिका जेल ठेवले असेल, तर ते ओलावा पिऊन भरल्यावर पुन्हा तापवून कोरडे करावे लागते, हे विसरू नये.

तेल किती लावावे, याचे उत्तर माझ्या सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरेच कमी निघाले. जास्तीचे तेल धूळ आणि काजळी गोळा करते, फायरिंग पिनच्या (प्रायमरवर ठोका देणाऱ्या सुईच्या) मार्गात साचते आणि उभ्या ठेवलेल्या रायफलमधून ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते. तेल मुरलेले लाकूड कालांतराने मऊ पडते, म्हणून तेल लावल्यानंतरचे काही तास मी रायफल तोंड खाली करून ठेवतो. फिरणाऱ्या भागांना तेल आणि दाबाखाली घसरणाऱ्या पृष्ठभागांना थोडे ग्रीस, असा ढोबळ हिशेब ठेवावा. कडक थंडीत मात्र ग्रीस आळते आणि यंत्रणा मंदावते.

एअर रायफल घेतलेल्यांसाठी नियम वेगळा आहे. दाबाची हवा जिथे जाते, तिथे खनिज तेल कदापि घालू नये. हवा एकाएकी दाबली गेली की तापते, तेलाची वाफ पेट घेते आणि उच्च दाबाच्या सिलिंडरमध्ये त्यातून स्फोटही होऊ शकतो. तिथे उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉनचे वंगणच वापरावे.

साठवणीसाठी नळीत लावलेले तेल गोळी झाडण्यापूर्वी पुसून काढणे हाही या कामाचाच भाग आहे. नळीतल्या तेलाने दाब वाढू शकतो, तर चेंबर तेलकट असेल तर काडतुसाच्या पितळेची भिंतीवरची पकड सुटून बोल्टवर जास्त भार येतो. म्हणून सरावाच्या सकाळी मी आधी एक कोरडी चिंधी नळीतून आणि दुसरी चेंबरमधून फिरवतो, आणि त्या तेलकट निघाल्या तर कोरड्या निघेपर्यंत नवीन चिंध्या घेतो.