सर्जरीच्या थीसिसमधल्या त्याच त्या चुका : या टाळा, मगच माझ्या दारात या

दरवर्षी थीसिस सबमिशनच्या तोंडावर माझ्या केबिनबाहेर रेसिडेंट लोकांची, म्हणजे सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टर पोरांची, लाइन लागते. डोळे तारवटलेले, खिशात पेन ड्राइव्ह, आणि तोंडात एकच वाक्य, "मॅडम फक्त पी व्हॅल्यू काढून द्या, उद्या बाइंडिंगला टाकायचंय." पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, तो आकडा. मी मेडिकल कॉलेजात स्टॅटिस्टिक्स बघते, चौदा वर्षं झाली. सुरी कधी हातात धरली नाही, पण मास्टर चार्ट, म्हणजे दर पेशंटला एक ओळ असलेले माहितीचे तक्ते, इतके बघितलेत की पहिल्या पाच ओळींत कळतं, हा चार्ट पोरानं वॉर्डात बसून भरलाय की हॉस्टेलच्या खाटेवर.

चुका दरवर्षी त्याच. पोरं बदलतात, चुका बदलत नाहीत. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

"परत आला नाही म्हणजे बरा झाला"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक रेसिडेंट आला, चांगला हुशार पोरगा. हर्नियाला जाळी बसवलेले ६० पेशंट, आणि इन्फेक्शनच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत "नाही, नाही, नाही". म्हणाला, "मॅडम, झिरो इन्फेक्शन, पेपर होईल ना?" मी विचारलं, अरे तुला कसं कळलं? तर म्हणे डिस्चार्जला जखम कोरडी होती, नंतर कुणी तक्रार घेऊन आलंच नाही. डिस्चार्ज कधी? तिसऱ्या दिवशी. आता जखमेत पू व्हायचा तो बहुतेक वेळा पेशंट घरी गेल्यावर होतो, म्हणून तर वरवरच्या जखमेचं इन्फेक्शन ३० दिवसांपर्यंत मोजायचं आणि हर्नियासारख्या ऑपरेशनात खोलवरचं इन्फेक्शन ९० दिवसांपर्यंत मोजायचं अशी व्याख्या आहे. आणि ती व्याख्या त्याच्याच सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थीसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात, छापलेली होती! कुठल्या तरी जुन्या थीसिसमधून उचललेली, वाचलेली नाही.

मी म्हटलं, बस इथे आणि फोन लाव. संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा लोक शेतात असतात, फोन घरी चार्जिंगला. केस पेपरवरचे नंबर म्हणजे गंमतच. एक नंबर जावयाचा, एक तालुक्याच्या मोबाईल दुकानवाल्याचा, एक तर पेशंटला ज्याने गाडीत घालून आणलं त्या ड्रायव्हरचा. चार संध्याकाळी खर्ची घातल्या तेव्हा ६० पैकी ४४ जणांचा पत्ता लागला. त्यातल्या सात जणांना पू झाला होता. एक आजोबा म्हणाले, "पू आला होता की बाई, आमच्या गावातल्या डॉक्टरनं पंधरा दिवस पट्टी केली. तुमच्याकडं यायचं म्हणजे एसटीचं भाडं आन् पोराचा एक रोज बुडतो." एकाची जाळी दुसऱ्याच हॉस्पिटलात काढून झाली होती. आणि एका नंबरवर बाईंनी फोन उचलला, पोरानं नेहमीच्या सुरात विचारलं, काका कसे आहेत आता? पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, "ते गेले की. तिसऱ्या आठवड्यात, छातीत दुखून." जखम चांगली होती म्हणाल्या. मास्टर चार्टमध्ये त्या ओळीत लिहिलं होतं, कॉम्प्लिकेशन : नाही.

पोरगा गप्प झाला. मी पण.

आता हिशोब बघा. सापडलेल्या ४४ पैकी ७, म्हणजे साधारण १६ टक्के. न सापडलेल्या १६ जणांचं काय? सगळे ठणठणीत असं धरलं तर ६० पैकी ७, जवळपास १२ टक्के. सगळ्यांना पू झाला असं धरलं तर ६० पैकी २३, म्हणजे ३८ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि थीसिसमध्ये ही दोन्ही टोकं लिहायची, लाजायचं नाही. झिरो लिहिण्यापेक्षा हे हजारपट बरं.

माझी सवय सांगते, पुस्तकात नाही मिळणार. डिस्चार्ज देताना दोन नंबर घ्यायचे आणि पेशंटसमोरच दोन्ही डायल करायचे, कुणाच्या खिशात वाजतो ते बघायचं. नाही वाजला तर तिथेच विचारायचं हा कुणाचा. तिसरं नाव गावातल्या अशा माणसाचं घ्यायचं जो कुठे जात नाही, किराणा दुकानदार, आशाताई, कुणीही. तिसाव्या दिवसाची तारीख त्याच क्षणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. जखमेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, पण हे सगळं, फोन, फोटो, संमती, एथिक्स कमिटीच्या कागदात आधीच लिहिलेलं पाहिजे. मागाहून नाही.

आणि हे फक्त आपल्याकडच्या पोरांनी करायचं असं नाही. चीता नावाची ट्रायल २०२२ मध्ये आली, भारतासह सात देशांतली ८१ हॉस्पिटलं, १३ हजारांहून जास्त पेशंट. प्रश्न किती साधा, पोट शिवायच्या आधी ग्लोव्हज आणि इन्स्ट्रुमेंट बदलली तर जखमेचं इन्फेक्शन कमी होतं का? ३० दिवसांपर्यंत मोजलं. नेहमीच्या पद्धतीत १८.९ टक्के, बदलल्यावर १६ टक्के. म्हणजे तीन टक्क्यांचा फरक नीट दाखवायला एवढी माणसं लागली, आणि आमचा हिरो ६० मध्ये झिरो घेऊन आलेला.

झिरोवरून आठवलं

समजा खरंच ६० पैकी एकालाही काही झालं नाही, अगदी नीट फॉलोअप करूनही. तरी "ही पद्धत पूर्ण सेफ आहे" असं लिहू नका. तीन भागिले पेशंटची संख्या, हा सोपा आडाखा. ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. खरा रेट पाच टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि तुम्हाला दिसला नसेल, एवढंच ते झिरो सांगतं.

सोपे पेशंट इकडे, अवघड तिकडे, आणि मग तुलना

दुसरी लाडकी चूक. लॅप (दुर्बिणीने केलेलं) अपेंडिक्स विरुद्ध ओपन (पोट उघडून केलेलं) अपेंडिक्स, दर दोन वर्षांनी एक थीसिस येतोच. निष्कर्ष ठरलेला, लॅपमध्ये इन्फेक्शन कमी, मुक्काम कमी. मी विचारते ओपन कुणाचं केलं? तर रात्री दोनला आलेले, अपेंडिक्स फुटलेले, पोटात पू भरलेले, ते ओपन, कारण रात्री लॅपचा सेट आणि सर दोन्ही नसतात. सकाळी दहाला धडधाकट चालत आलेला कॉलेजकुमार, तो लॅप. मग तुम्ही लॅप आणि ओपनची तुलना नाही केलीत राजे हो, सकाळ आणि रात्रीची केलीत.

यावर एक जुनं उदाहरण मी प्रत्येक बॅचला फळ्यावर मांडते. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये किडनी स्टोनवर पेपर आला होता. ओपन सर्जरी ३५० पेशंट, २७३ यशस्वी, ७८ टक्के. पाठीतून भोक पाडून दुर्बिणीने खडा काढायची पद्धत, तेव्हा नवी, तीही ३५०, त्यात २८९ यशस्वी, ८३ टक्के. झालं, नवी जिंकली? आता खडे लहान-मोठे वेगळे करा. लहान खड्यांत ओपन ८७ पैकी ८१, म्हणजे ९३ टक्के, आणि नवी २७० पैकी २३४, ८७ टक्के. मोठ्या खड्यांत ओपन २६३ पैकी १९२, ७३ टक्के, आणि नवी ८० पैकी ५५, ६९ टक्के. दोन्हीकडे ओपन पुढे, आणि एकत्र केलं की मागे! वर्गात दरवेळी कुणीतरी कॅल्क्युलेटर काढून परत तपासतं, तपासा खुशाल. भानगड एवढीच की मोठे, किचकट खडे बहुतेक ओपनला गेले होते आणि लहान खडे नव्या पद्धतीला.

उपाय? स्टॅटिस्टिक्सची मोठी मॉडेलं नंतर. आधी हाताने टेबल काढा, फुटलेला अपेंडिक्स वेगळा, न फुटलेला वेगळा. कुणी केलं, किती वाजता केलं, पेशंटची आधीची तब्येत कशी होती, हे कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर एमआरडीच्या (हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमच्या) गठ्ठ्यात शोधत बसलात तर ते अर्ध्या पेपरांवर सापडणार नाही, आणि मग तुम्ही अंदाजाने भरणार, मला माहितीय.

याच्याच पोटातली एक चोरी : लॅप सुरू केलं, जमलं नाही, ओपन करावं लागलं, तर तो पेशंट चार्टमध्ये गुपचूप ओपनच्या बाजूला सरकवतात. अवघड पेशंट आपोआप तिकडे गेले, लॅप स्वच्छ. असं करायचं नाही, ज्या बाजूने सुरुवात केली त्या बाजूलाच मोजायचं, मग निकाल कितीही कुरूप दिसो.

नवीन म्हणजे भारी

मुक्काम कमी, रक्त कमी, टाके छोटे, पेशंट खूश, मग अजून काय पाहिजे? गर्भाशयाच्या तोंडाच्या सुरुवातीच्या स्टेजमधल्या कॅन्सरला दुर्बिणीने किंवा रोबोटने रॅडिकल हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय आजूबाजूच्या भागासकट काढायचं ऑपरेशन, करायची पद्धत कितीतरी देशांत रुळली होती. मग २०१८ मध्ये लॅक ट्रायल आली, ६३१ बायका, चिठ्ठी टाकल्यासारखं वाटून दोन गट. साडेचार वर्षांनी आजार न उलटता जिवंत किती, तर ओपनमध्ये ९६.५ टक्के, दुर्बीण-रोबोटवाल्यात ८६ टक्के. हे डिस्चार्ज कार्डवर कधीच दिसलं नसतं. कॅन्सरच्या थीसिसमध्ये "मुक्काम किती दिवस" हा मुख्य आउटकम घेऊन येणाऱ्याला मी आता सरळ परत पाठवते.

आणि "पेशंटला बरं वाटलं" हा पुरावा नाही हो. ह्यूस्टनमध्ये गुडघेदुखीच्या १८० लोकांवर झालेली, २००२ साली छापून आलेली ट्रायल, काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून साफसफाई, काहींचा नुसता धुऊन काढला, काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके. दोन वर्षं बघितलं, खऱ्या ऑपरेशनवाल्यांना खोट्यापेक्षा जास्त आराम पडला नाही. तिन्ही गटांना बरं मात्र वाटलं होतं.

आता पटापट

पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली म्हणजे दोन्ही पद्धती सारख्या, असं नसतं. दर बाजूला ३० पेशंट घेऊन काय दिसणार? इन्फेक्शन १० टक्क्यांवरून ५ वर आलं हे पकडायचं तर नेहमीच्या हिशोबाने दर बाजूला साडेचारशेच्या आसपास लागतात.

"सॅम्पल साइज (किती पेशंट लागतील तो आकडा) ६० येईल असं काहीतरी करा ना मॅडम." नाही करणार.

कॉम्प्लिकेशन "हो/नाही" असा एकच कॉलम ठेवू नका, टाक्यात थोडं पाणी आलं आणि आयसीयूत गेला हे दोन्ही "हो" होतात. २००४ ची क्लाव्हियन-डिंडोची पाच पायऱ्यांची यादी आहे, छापून ड्युटी रूममध्ये चिकटवा, पाचवी पायरी म्हणजे मृत्यू, तीही लिहायची असते.

मुक्कामाची सरासरी नको, मीडियन द्या, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला येतो तो. एक पेशंट दोन महिने पडून राहिला की सगळी सरासरी त्याची होते.

ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी रजिस्टरवर, नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी. एप्रिल २०१८ पासून मागच्या तारखेची नोंदणी घेत नाहीत, माझ्याकडे येऊन रडून उपयोग नाही.

चॅटबॉटकडून रेफरन्स लिहून घेतलेले मला लगेच कळतात, कारण मी शोधते आणि ते पेपर सापडत नाहीत.

एक्सेलमध्ये तारीख आणि महिना उलटे पडतात. डिस्चार्ज ॲडमिशनच्या आधी झालेला पेशंट दरवर्षी किमान एक भेटतो.

शेवटचं, माझ्याकडे यायच्या आधी

मास्टर चार्टमधल्या कुठल्याही दहा ओळी काढा, डोळे मिटून बोट ठेवा हवं तर, आणि मूळ केस पेपर समोर ठेवून एकेक खाना जुळवा. स्वतः करा, ज्युनिअरला देऊ नका. दहात दोनपेक्षा जास्त ओळींत चूक निघाली तर सगळा चार्ट परत. तासाभराचं काम आहे, तरी दहातले नऊ जण करत नाहीत, घाई असते ना. परवाच एकीचा चार्ट उघडला, पहिल्याच ओळीत वय ७, ऑपरेशन प्रोस्टेटचं. पेपर काढला तर आजोबा ७० वर्षांचे. ती म्हणाली, "मॅडम, एक शून्यच तर राहिला." मी तिला खुर्ची दिली आणि केस पेपरांचा गठ्ठा समोर ठेवला.