पुढच्या चाकाकडून आवाज येतोय? आधी हब फिरवा

मॅन्युअल लॉकिंग हब (पुढच्या चाकाच्या मध्यावरची डायल, जी हाताने फिरवून चाक ॲक्सलला जोडता किंवा सोडवता येतं) असलेल्या जिप्सीत किंवा जुन्या जीपमध्ये आवाज शोधायला हबच सर्वांत मोठी मदत करतात. दोन्ही हब 'फ्री' आणि गाडी टू-व्हील ड्राइव्हवर (इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना) असली की पुढचे ॲक्सल शाफ्ट, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गियरचा डबा) आणि प्रॉपेलर शाफ्ट (त्या डब्यापर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) फिरत नाहीत. तरीही आवाज आला, तर संशय व्हील बेअरिंग, ब्रेक आणि टायरवर.

मग दोन्ही हब 'लॉक' करा, गियर टू-व्हीलवरच ठेवा. आता आवाज सुरू झाला तर दोष आतल्या फिरत्या भागांत. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट येते ती बहुधा ॲक्सलच्या जॉइंटची. एकच हब अर्धवट बसला असेल तर दातांची करकर येते, म्हणून डायल शेवटपर्यंत फिरली का ते बोटाने तपासा. फोर-व्हील ड्राइव्हची (चारही चाकांना ताकद) चाचणी लाल मातीच्या रस्त्यावर घ्या, कोरड्या डांबरावर नको. तिथे ट्रान्समिशन ताणली जाते.

बेअरिंगसाठी गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे स्टिअरिंगसोबत चाक ज्यावर वळतं तो सांधा.

गोव्याच्या पावसात ओहोळ ओलांडताना तापलेला हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी शिरतं. हब उघडल्यावर ग्रीस दुधासारखं पांढरं दिसलं, तर नुसतं वरून नवं भरू नका. सगळं पुसून, बेअरिंग धुऊन-सुकवून, सील बदलूनच भरा.