सीरमचा रंग आधी बघा

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी माझा रॅट्सवरचा 28 दिवसांचा टॉक्सिसिटी स्टडी (अर्काचे रोज डोस देऊन इजा होते का ते पाहणं) संपला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हाय डोस ग्रुपचं एसजीओटी आणि एलडीएच (यकृत, हृदय अशा अवयवांना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) चांगलंच वाढलेलं, एसजीपीटी (मुख्यतः यकृतातलं एन्झाइम) मात्र डोस न दिलेल्या कंट्रोल ग्रुपइतकंच. मी त्याच रात्री 'अर्कामुळे यकृताला इजा' असं लिहून टाकलं. आठवड्याने अवयवांच्या पातळ कापांच्या, मायक्रोस्कोपखाली बघायच्या स्लाइड्स आल्या. लिव्हरमध्ये काही नाही, हृदयातही नाही.

मग राखून ठेवलेल्या सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव) नळ्या फ्रीजरमधून काढल्या. हाय डोसच्या बहुतेक नळ्या गुलाबी होत्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटून त्यांचा रंग सीरममध्ये उतरला होता.

एसजीओटी आणि एलडीएच लाल पेशींत भरपूर असतात. पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरतात आणि आकडा चढतो. एसजीपीटी लाल पेशींत फार कमी, म्हणून ते जागेवर राहिलं. लाल पेशींत भरपूर असणारं पोटॅशियमही वाढलेलं होतं. ती खूण माझ्यासमोरच्या कागदावर होती, पण मी किडनीचा विचार करत बसले.

पण पेशी हाय डोसच्याच का फुटल्या? मी ग्रुपच्या क्रमाने रक्त काढलं होतं. चार ग्रुप, प्रत्येकात 5 नर, 5 माद्या. सकाळी ताज्या हाताने कंट्रोल, मग लो, मग मिड, आणि दुपार उलटल्यावर हाय. तोवर हात भरून आला होता. सिरिंजची सुई न काढताच दट्ट्या दाबून मी रक्त नळीत सोडत होते. म्हणजे डोस वाढत गेला तसा माझा थकवाही वाढत गेला, आणि रात्रभर उपाशी ठेवलेल्या शेवटच्या रॅट्सचा उपासही काही तासांनी लांबला. असा गुंता कुठलीही स्टॅटिस्टिकल टेस्ट नंतर सोडवू शकत नाही. ती फक्त आकड्यावर 'फरक लक्षणीय' अशी चांदणी लावून देते.

म्हणून प्रत्येक ग्रुपमधला एकेक रॅट आळीपाळीने घ्या. नर-माद्याही तसेच. क्रम आदल्या दिवशी कागदावर लिहून केजवर चिकटवा. नळीत रक्त सोडताना सुई काढा, कडेने हळू सोडा, अर्धा तास गोठू द्या, गुठळी काडीने ढवळू नका, आणि सीरम वेगळं केल्याशिवाय काहीही फ्रीज करू नका. टेस्ट लावण्याआधी प्रत्येक नळीचा रंग वहीत लिहा. आकडा कळल्यावर लिहिलेला रंग मी तरी मानणार नाही.

लिव्हरबद्दल शंका उरली तर जीएलडीएच या लिव्हरमधल्या एन्झाइमची टेस्ट करून घ्या. ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागात असतं, आणि लाल पेशींना मायटोकॉन्ड्रियाच नसतात. किडनीसाठी अमेरिकेच्या एफडीएने आणि युरोपच्या नियामक संस्थेने 2008 मध्ये रॅटच्या मूत्रातले, इजा दाखवणारे 7 मार्कर मान्य केले. किम-1 त्यातलाच. क्रिएटिनिन (किडनीची नेहमीची रक्तचाचणी) हलायच्या आधी तो इजा दाखवतो. पण रक्त नीट काढता येत नसताना असे मार्कर मोजायचे महागडे एलायझा किट मागवणं मला चुकीचंच वाटतं.

सीनियरच्या थिसिसमधून प्रोटोकॉल उतरवून घेणंही तसंच. मी तेच केलं होतं, आणि रक्त कुठल्या क्रमाने काढलं हे त्यात कुठेच नव्हतं. सुई कशी धरायची ते मला शेवटी अॅनिमल हाउसमधल्या दादांनी शिकवलं. वीस वर्षं प्राणी हाताळणाऱ्या माणसाला आधी विचारा, गाइडला नंतर.

तुमच्या नळ्या आत्ता गुलाबी निघाल्या असतील तर घाबरू नका, स्टडी बुडालेला नाही. मात्र त्या गुपचूप वगळू नका. 40 प्राणी गेले होते, ते कशासाठी हे मला लिहायचं होतं. मी रंगाचा तक्ता थिसिसमध्ये घातला, हाय डोसचं एसजीओटी आणि एलडीएच ग्राह्य धरता येत नाही असं स्पष्ट लिहिलं, आणि निष्कर्ष एसजीपीटी, बिलिरुबिन आणि स्लाइड्सवर काढला. गाइडना ते पान नको होतं. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि नळ्या मागवून स्वतः उजेडात धरून पाहिल्या.